विचारा तर खरं: त्या करड्या चित्राचं करायचं काय?

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती की मॉडर्न आर्ट, अ‍ॅबस्ट्रॅक्ट (ज्यात ओळखीची वस्तू दिसत नाही अशी चित्रं) वगैरेबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. वाटलं होतं चार पत्रं येतील. आली त्याहून बरीच, आणि निम्म्यांचा सूर असा की जणू ती चित्रं मीच काढलीत आणि तीही मासिकाच्या वर्गणीतून. असो. पाच घेतली आहेत, पहिल्याला जागा जास्त दिली कारण ते पत्र मला फार आवडलं.

नमस्कार ताई, माझं वय ६८. गेल्या दिवाळीत सुनेने तिच्या मैत्रिणीने काढलेलं एक मोठं चित्र हॉलमध्ये लावलं. आधी तिथे रविवर्म्याची लक्ष्मी होती, प्रिंटच, पण माझ्या लग्नातली. हे चित्र म्हणजे सगळं करडं आणि खाली गंजलेल्या पत्र्यासारखा एक पट्टा, बस. येणारा प्रत्येकजण विचारतो हे काय आहे, भिशीच्या बायका तर तोंडाला पदर लावून हसतात. सुनेला विचारलं तर म्हणते, आई, तुम्हाला जे वाटेल ते. मला काहीच वाटत नाही तर मी काय करू? खोटंखोटं छान म्हणायचं नाहीये आणि तिला दुखवायचंही नाहीये. हे खरंच शिकता येतं का, का ज्यांना कळतं त्यांनाच कळतं? (एक सासू, कारेलीबाग)

काकू, ते 'तुम्हाला जे वाटेल ते' आहे ना, त्याच्यावर माझा फार जुना राग आहे. चित्रकार लोक सर्रास म्हणतात हे. त्यांची सुटका होते आणि समोरचा बिचारा आणखी अडकतो, त्याला वाटतं आता मला काहीतरी वाटायलाच पाहिजे, नाही वाटलं म्हणजे मीच ढ. तुम्ही ढ नाही. सूनही वाईट नाही, तिला कुणी नीट सांगितलेलं नाही इतकंच.

वाचकांना सांगते, पत्र वाचून मला राहवेना, खाली नंबर होता, फोन केला, म्हटलं काकू येऊ का बघायला, आणि आपल्या बडोद्यात दांडिया बाजारातून कारेलीबाग असं कितीसं लांब, गुरुवारी चारला स्कूटी काढून गेलेसुद्धा. चित्र साधारण चार फूट बाय तीन फूट, सोफ्याच्या बरोब्बर वर. पहिली गोची इथेच. सोफ्यावर बसलं की चित्र पाठीमागे, म्हणजे त्या घरात ते चित्र बसून कुणी बघतच नाही, जो तो येताजाता दुकानाची पाटी वाचावी तसं बघतो. वरून ट्यूबलाइट, तिचा पांढरा झगझगीत पट्टा चित्राच्या मधोमध. मी म्हटलं काकू, तुम्ही कसं बघता ते मला दाखवा. काकू चष्मा सारखा करून चित्राच्या वीतभर जवळ गेल्या आणि शोधायला लागल्या, म्हणजे अक्षरशः शोधायला, तांदळातले खडे शोधतात तसं. "इथे मला डोंगर वाटतो. आणि हे बघ, इथे सोंड."

सोंड! आपल्या मराठी माणसाला कशातही गणपती दिसतो, सुपारीत दिसतो, ढगात दिसतो, भाजीवाल्याकडच्या वाकड्या भोपळ्यात दिसतो. आमच्या वाड्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल आली की आम्ही पोरं त्यात हत्ती, उंट, बाप्पा शोधत बसायचो आणि आजी म्हणायची त्यापेक्षा तुमच्या बापाला चुना आणायला सांगा. आता ही सवय काही वाईट नाही, डोळ्याचं ते कामच आहे, अंधारात पायाशी दोरी आहे का साप ते ठरवायला तीच सवय लागते. पण अशा चित्रापुढे ती आडवी येते. सोंड सापडली तर 'सापडली' म्हणून बघणं थांबतं, नाही सापडली तर 'काहीच नाहीये' म्हणून थांबतं. थांबतं दोन्हीकडून.

मग मी ट्यूब बंद केली, खिडकीचा पडदा सारला, समोरच्या भिंतीला टेकून दोन खुर्च्या मांडल्या आणि म्हटलं, हातातला चहा संपेपर्यंत बोलायचं नाही. दीड मिनिटात काकू उठल्या, दूध उतू जातंय का बघायला. दूध गॅसवर नव्हतंच. परत येऊन बसल्या. हे मी चेष्टा म्हणून लिहीत नाहीये, मलाही तसंच होतं, समोरची गोष्ट काही सांगत नसली की जीव कासावीस होतो आणि एकदम आठवतं की लाइटबिल भरायचं राहिलंय. तो पहिला कंटाळा नुसता जाऊ द्यायचा. त्याच्या पलीकडे डोळे जरा स्थिर होतात.

साधारण अर्ध्या कपाला काकू म्हणाल्या, "हे एकच करडं नाहीये ग." नव्हतंच. डावीकडचं करडं थोडं उबदार, राखेसारखं, आणि उजवीकडे सरकत सरकत ते थंड होत गेलेलं, स्टीलच्या पातेल्याच्या आतल्या बाजूसारखं. जवळ जाऊन बघितलं तर उजव्या बाजूला जिथे सुरीने रंग खरवडलाय तिथे खालून हिरवा डोकावतो. म्हणजे आधी सगळं हिरवं होतं! ते तिने झाकलं, पण पुरतं झाकलं नाही. कॅनव्हासच्या कडेला बघितलं, चित्राची जाडी असते ना तिथे, तर हिरव्याचे आणि त्याच्याही खाली पिवळ्याचे ओघळ. कधीही चित्र बघायला गेलात तर ही कड बघा, चित्रकार पुढून कितीही गंभीर असू दे, कडेला त्याचं सगळं बिंग फुटलेलं असतं.

मग तो पट्टा. मी टेबलावरचं वर्तमानपत्र घडी करून पट्ट्यावर धरलं आणि काकूंना लांबून बघायला सांगितलं. काकू लगेच म्हणाल्या, "ए काढ ते, नुसतं ओलं प्लास्टर दिसतंय." बरं. तो पट्टा डावीकडून निघतो आणि उजव्या कडेला पोचायच्या आधी बोटभर अलीकडे थांबतो. मी त्या बोटभर जागेवर त्याच रंगाच्या जवळपासचा, चिवड्याच्या पुड्याचा तपकिरी कागद धरला, म्हणजे पट्टा कडेपर्यंत पोचला असं दिसायला. काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आता बंद झालं."

बंद झालं! हा शब्द मी सांगितला नव्हता, तो त्यांचा. कागद काढला तर म्हणाल्या हां, आता वारा आला. मी काही बोलले नाही, पुडा उघडलाच होता, चिवडा खाल्ला.

तर काकू, 'कळणं' म्हणतात ते साधारण एवढंच असतं. त्या बोटभर मोकळ्या जागेवर अख्खं चित्र श्वास घेतंय हे तुम्हाला दिसलं, आणि ते दिसायला डोंगर लागला नाही की सोंड लागली नाही. याच्यावर लोक जाडजाड पुस्तकं लिहितात ती जरूर वाचावीत, पण पुस्तक आधी आणि चित्र नंतर असं केलं की माणूस चित्रात पुस्तकच बघत बसतो.

थरांचं म्हटलं म्हणून सांगते. चित्रकार वासुदेव गायतोंडे, १९२४ साली नागपुरात जन्मले, गिरगावच्या चाळीत वाढले, जे. जे. मधून शिकले, पुढे दिल्लीत एका खोलीत बसून काम करत राहिले. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगाची सुरी) जास्त, रंगाचा थर द्यायचा, तो खरवडायचा, कधी रंगात भिजलेले कागदाचे तुकडे ठेवून उचलायचे, वर परत थर. वर्षाला जेमतेम पाचसहा कॅनव्हास. बाकीचा वेळ काय करायचे, तर बघत बसायचे, विचार करत बसायचे. त्यांना 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' हा शब्दही नको असायचा, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे. फरक बारीक आहे पण कामाचा आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हटलं की वाटतं कशाचं तरी सार काढलंय, म्हणजे मूळ झाड किंवा बाई कुठेतरी आहे आणि आपण ती शोधायची. नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणजे मूळ वस्तू नाहीच. तेव्हा काकू, सोंड शोधू नका, गायतोंड्यांनीही ठेवलेली नव्हती.

गाण्याचं उदाहरण सगळेच देतात, मीही देते, बडोद्यात राहून न देणं पाप आहे. फैय्याज खाँसाहेब आपल्या दरबारचे गवई. त्यांची नोमतोमची आलापी ऐकताना कुणी विचारलंय का, की बुवा नोम म्हणजे काय आणि तोम म्हणजे काय? पण या उदाहरणात एक लबाडी आहे, ती कुणी सांगत नाही. गाणं आपल्या कानावर पाळण्यापासून पडतंय, आरती, भूपाळी, रेडिओ, शेजारच्या क्लासमधली सा रे ग म. म्हणजे आलापाला अर्थ लागत नाही हे खरं, पण कान हजारो तास तयार झालेला असतो. अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्राला आपण देतो आठ सेकंद, तेही लग्नाच्या हॉलकडे जाताना, आणि म्हणतो कळलं नाही. साडी घेताना मात्र दुकानदाराला पन्नास उलगडायला लावतो, हा काठ अंगावर येतो, हा रंग बसत नाही, या दोघांचं जमत नाही, आणि तिथे एकदाही विचारत नाही की या काठाचा अर्थ काय. डोळा तयारच आहे, फक्त तो साडीच्या दुकानात ठेवून येतो आपण.

आता दुसरी बाजू. प्रत्येक अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्र चांगलं असतं असं अजिबात नाही, टुकार चित्रांचा महापूर आहे. हॉटेलच्या लॉबीत असतात ना, निळ्यात निळं आणि वर सोनेरी वर्खाचा फराटा, सोफ्याला मॅचिंग. त्यावर कुठेही हात ठेवून झाका, काही म्हणजे काही बदलत नाही, पहिल्या नजरेत जे दिलं तेवढंच त्याच्याकडे होतं. तुमचं चित्र तसं नाही. चांगलं आहे, थोर नाही. वरचा डावा कोपरा तिला सुटलेला नाही, तिथे ती नुसती रंग फिरवत बसलीय, आणि गंमत म्हणजे काकू, तुम्हाला तिथेच सोंड दिसत होती! सुनेला हे सांगून बघा. 'छान आहे' पेक्षा 'तो पट्टा मला आवडतो पण कोपरा पटत नाही' हे ऐकून ती आणि तिची मैत्रीण दोघी जास्त खूष होतील, मी पैज लावते.

आणि लक्ष्मी काढली ते मला पटलं नाही. तिला परत बाहेर आणा, दुसऱ्या भिंतीवर लावा, दोघींचं काही भांडण नाही. उलट एकदा राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये जाऊन रविवर्म्याची मूळ चित्रं बघून या, सीतेचा भूमिप्रवेश वगैरे, आणि त्यातल्या साड्यांच्या जरीकडे बघा. लांबून जर. जवळून नुसते पिवळेपांढरे ठिपके आणि फटकारे, जर कुठेच नाही. त्या फटकाऱ्यांपाशी थोडा वेळ थांबा. भिशीच्या बायकांना मात्र काही समजावू नका, त्यांना सोफ्यावरून उठवून समोर बसवा आणि चिवड्याचा पुडा हातात द्या, खायला नाही, धरायला.

माझा पाच वर्षांचा नातू याहून बरं काढतो. चित्रकारांना राग येईल पण खरं ते खरं. (एक आजोबा, मांजलपूर)

आजोबा, राग कशाला येईल, पोरं सुंदरच काढतात. पण तुमच्या म्हणण्याची कुणीतरी खरोखर परीक्षा घेतलीय. २०११ साली अमेरिकेत बॉस्टन कॉलेजच्या दोघी मानसशास्त्रज्ञ बायकांनी नावाजलेल्या चित्रकारांची अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्रं घेतली आणि त्यांच्याशी दिसायला मिळतीजुळती अशी लहान मुलांची आणि माकडं, हत्ती वगैरे प्राण्यांची चित्रं घेतली, जोड्या लावल्या आणि लोकांना विचारलं यातलं जास्त चांगलं कुठलं. काही जोड्यांखाली मुद्दाम नावं उलटी लिहिली होती, म्हणजे पोराच्या चित्राखाली चित्रकार. तरीसुद्धा लोकांनी चित्रकाराचं चित्र निवडण्याचं प्रमाण नाणं उडवल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त होतं, आणि त्यात ज्यांचा चित्रकलेशी संबंध नाही असे विद्यार्थीही होते. शंभर टक्के नव्हतं हेही सांगते, म्हणजे बऱ्याच वेळा लोक फसलेसुद्धा. तेवढा तुमचा मुद्दा खरा.

मला विचाराल तर फरक थांबण्यात आहे. नातवाचं चित्र कधी संपतं? कागद भरला, भूक लागली किंवा सूनबाईने कागद ओढून घेतला की. तो दहा मिनिटं आणखी बसला तर त्याच सुंदर चित्राचा चिखल करेल आणि त्याला त्याचं काही वाटणार नाही. चित्रकाराची सगळी मारामारी त्या 'आता बास' वर असते. करून बघा, नातवाचेच खडू घ्या, एकही वस्तू काढायची नाही आणि तुम्हाला स्वतःला बरं वाटेल तिथे थांबायचं. दहा कागदात एकदा जमलं तर मला कळवा.

हे खूळ आलं कुठून आणि आपल्या बडोद्यात कुणी आणलं? (एक वाचक, निझामपुरा)

कुठून म्हणाल तर एका जागेहून नाही. १९०६ ते १९१५ च्या दरम्यान युरोपात वेगवेगळ्या गावी बसलेले लोक आपापल्या वाटेने तिथे पोचले, स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट नावाची बाई (तिचं काम जगाने फार उशिरा बघितलं), म्युनिकमध्ये कान्डिन्स्की, रशियात मालेविच, ज्याने १९१५ मध्ये काळा चौकोन प्रदर्शनात टांगला आणि तोही खोलीच्या कोपऱ्यात वर, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते. म्हणजे बघा, लक्ष्मी काढून करडं चित्र लावण्याचा प्रकार जुनाच आहे.

पण कुणाला ही वाट पायरीपायरीने बघायची असेल तर मी नेहमी डच चित्रकार मोंद्रियानची झाडं दाखवते, मोबाइलवर सहज मिळतील. १९०८ च्या सुमाराला सुरू केलेलं लाल झाड, ते झाडच आहे, रंग भडक आहे इतकंच. मग १९११ चं करडं झाड, त्यात फांद्यांच्या कमानी झाल्यात आणि फांद्यांमधल्या मोकळ्या जागेलाही फांद्यांइतकंच वजन आलंय. मग १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं झाड, तिथे नाव वाचलं नाही तर झाड ओळखू येणार नाही, नुसत्या कमानींची लय. आणि पुढे दहा वर्षांत ती प्रसिद्ध काळ्या रेषांची आणि लाल निळ्या पिवळ्या चौकोनांची चित्रं. एकेक बघा, घाई करू नका, कुठल्या चित्रापाशी तुमचं 'झाड' हातातून सुटलं ते लक्षात ठेवा.

बडोद्याचं म्हणाल तर आपली फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० साली सुरू झाली, आणि तिथे पेंटिंग शिकवायला आले ना. श्री. बेंद्रे, आपले मराठी, इंदूरचे, देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी. १९६६ पर्यंत ते इथे होते. स्वतः निसर्गचित्रात हात इतका बसलेला की डोळे मिटून काढतील, तरी इथे येऊन क्युबिझम (वस्तू तोडून कोनाकोनांत मांडायची शैली), अ‍ॅबस्ट्रॅक्ट सगळं करून बघत होते, मुलांच्या बरोबरीने. पहिल्यापहिल्या बॅचमधले शांती दवे पुढे मेणाच्या थरातल्या, अक्षरांसारख्या दिसणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या आकारांच्या चित्रांसाठी गाजले. आणि इथेच शिकवणारे जेराम पटेल, सोजित्राचे, त्यांनी तर साठच्या दशकात प्लायवुड घेतलं आणि ब्लोटॉर्चने जाळलं. जाळलं म्हणजे खरंच जाळलं, कोळसा होईपर्यंत, आणि ती काळी खोल भोकं हेच चित्र. मला विचाराल तर त्या जळक्या लाकडासमोर 'अर्थ काय' हा प्रश्न सुचतच नाही, आधी हात मागे घ्यावासा वाटतो.

अशी चित्रं उलटी टांगली तर कुणाला कळतं का हो? आणि कोट्यवधी रुपये कशाचे? (एक सीए, अलकापुरी)

दोन प्रश्न एका तिकिटावर, सीए शोभता. उलटं टांगल्याचं म्हणाल तर झालंय की! वर ज्या मोंद्रियानचं सांगितलं त्याचंच १९४१ चं रंगीत चिकटपट्ट्यांचं एक चित्र जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या म्युझियममध्ये १९८० पासून टांगलेलं, ते उलटं आहे असं तिथल्याच क्युरेटर बाईंना २०२२ मध्ये लक्षात आलं. आणि आता सरळ करायचं तर चिकटपट्ट्या इतक्या जुन्या की गळून पडतील, म्हणून तसंच ठेवलंय. तुम्ही हसा, मीही हसले. पण याला उलटी बाजूही आहे, कान्डिन्स्कीने स्वतः लिहून ठेवलंय की एकदा संध्याकाळी तो स्टुडिओत आला तर भिंतीशी एक विलक्षण सुंदर चित्र, कशाचं ते कळेना, जवळ जाऊन बघतो तर त्याचंच, आडवं उभं केलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं तर ती मजा गेली, कारण आता वस्तू ओळखू येत होत्या. तर घरी प्रयोग करा, मोबाइलवर कुठलंही चित्र घेऊन फोन उलटा धरा (स्क्रीन फिरणार नाही असं सेटिंग करून). चांगल्या चित्रात उलटल्यावर काहीतरी हलतं, जड वाटतं, लटकतं. काहीच नाही झालं तर चित्र हलकं.

कोटींचं लांबण लावत नाही. २०१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र २९.३ कोटींना गेलं. गायतोंडे २००१ मध्येच वारले होते. वर्षाला पाचसहा चित्रं काढणारा माणूस, नवी चित्रं येणार नाहीत, घेणारे वाढलेत, आता हिशोब तुम्हीच करा, तुमचाच विषय. त्या आकड्याकडे बघून चित्र कळत नाही, आणि आकडा डोक्यात असला तर दिसतही नाही.

ताई, मी १२वीत आहे, फाइन आर्ट्सची एन्ट्रन्स द्यायची आहे. माझं स्केचिंग चांगलं आहे पण अ‍ॅबस्ट्रॅक्ट बघितलं की मी ब्लँक होते. सुरुवात कशी करू? यूट्यूबवर बघून अजून गोंधळ झाला. (एक विद्यार्थिनी, वाडी)

अगं ब्लँक होतेस ते चांगलं आहे, भरलेली असतीस तर मी काय घालणार होते. यूट्यूब महिनाभर बंद. वर्षअखेरीला फॅकल्टीत मुलांचं काम मांडतात, कमाटीबागेच्या समोरच तर आहे, तेव्हा जा, पण सगळं बघू नकोस. एक चित्र धर, दुसऱ्या दिवशी परत जाऊन तेच बघ, तिसऱ्या दिवशीही. पहिल्या दिवशी आवडलेलं तिसऱ्या दिवशी टिकतं का बघ. आणि जमलं तर ते चित्र काढणाऱ्या पोराला किंवा पोरीला विचार, 'काय आहे' असं नको, 'आधी इथे काय होतं आणि का झाकलंस' असं विचार. बोलत सुटतील.

दुसरं, नसरीन मोहम्मदी हे नाव लिहून ठेव. १९७२ पासून १९९० मध्ये वारल्या तोपर्यंत इथे आपल्या फॅकल्टीत शिकवत होत्या. त्यांचं बरंचसं काम म्हणजे कागदावर पेन्सिल आणि शाईच्या रेषा, इंजिनिअरिंग ड्रॉइंगला वापरतात तसली साधनं घेऊन काढलेल्या. रंग जवळजवळ नाहीच, चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारीखसुद्धा नाही. शेवटच्या वर्षांत त्यांना असा आजार होता की हातापायांवरचा ताबा जात चालला होता, आणि त्या काळातल्या रेषा बघशील तर केसासारख्या. त्या फोटोही काढायच्या, रस्त्यावरचे पट्टे, फत्तेपूर सिक्रीची फरशी, समुद्रकाठची वाळू. ते फोटो त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडले नाहीत, पण ते बघितलेस की कळेल, या बाईच्या रेषा आकाशातून पडलेल्या नाहीत, तिने त्या रस्त्यावरून उचलल्यात. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने नवी शाखा उघडली तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत यांचं प्रदर्शन होतं, आणि इथे बडोद्यात रिक्षावाल्याला सोड, आपल्या सोसायटीत कुणाला नाव माहीत नाही. जाऊ दे, हे माझं रोजचं रडगाणं आहे.

तुला काम देते. ए४ कागद, एचबी पेन्सिल, फूटपट्टी. वरपासून आडव्या रेषा ओढायला लाग, साठ. पहिल्या दोघींत एक सेंटिमीटर अंतर आणि मग प्रत्येक वेळी किंचित कमी, मोजायचं नाही, डोळ्यानेच. वीसेक रेषांपर्यंत तुला वाटेल हा काय वेडेपणा आहे. मग एक रेषा चुकेल, थोडी जास्त जवळ पडेल, आणि तुझ्या पोटात खड्डा पडेल. आता पुढच्या रेषेचं तू काय करणार, चूक लपवायला अंतर सावरून घेणार की तिथेच एक घट्ट पट्टा होऊ देणार, हे तुला ठरवावं लागेल, तुझ्या स्केचिंगमधलं नाक-डोळे-कान कुणी मदतीला येणार नाही. साठ झाल्या की कागद भिंतीला लाव आणि लांब जाऊन बस. असे पाच कागद झाले की मला आण, मी शनिवारी संध्याकाळी घरी असते. आणि खोडरबर आत्ताच आईकडे देऊन ठेव.